वहीवाली आणि पिवळा दिवा

माझ्या बायकोचं खरं नाव आमच्या लग्नाच्या दाखल्यावर आहे. एरवी तिला सगळे वहीवालीच म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. सासऱ्यांनी उघडलेलं, पण गेली चौदा वर्षं तिचं. मी तिथला फक्त जावई. मी टॅक्सी चालवतो, हॉस्पिटलसमोरच्या स्टँडवर. टॅक्सीवाल्याची बायको मेकॅनिक म्हटल्यावर लोक म्हणतात, काय नशीब काढलंयस लेका! काढलंय खरं. पण मध्यंतरी एक वर्ष मी त्या नशिबाची पार वाट लावली होती. ती गोष्ट मीच सांगतो, कारण मी नाही सांगितली तर मिशी सांगेल. मिशी म्हणजे स्टँडवरचा माझा शेजारी. तो तिखटमीठ लावल्याशिवाय वेळसुद्धा सांगत नाही.

आधी वहीचं सांगतो. गॅरेजमध्ये शिरलं की डाव्या हाताला एक टेबल, त्यावर जाड पुठ्ठ्याची वही, समोर एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्यावर बसलेला माणूस सारखा डुगडुगतो आणि फार वेळ थापा मारू शकत नाही, असं माझं मत. वहीत तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. "गाडी सकाळी खोकते" म्हणालात तर "खोकते" असंच लिहिणार. मग तिचा ठरलेला प्रश्न: "दिवा लागायच्या आधी गाडीला काय काय केलं होतं?" सगळे म्हणतात, काहीच नाही. ती पेन खाली ठेवते आणि गप्प बसते. स्टूल डुगडुगतं. मिनिटभरात माणूस आपणहून बोलायला लागतो.

आणि हे सगळं झाल्यावर ती स्कॅनर लावते, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र. बाकीच्या गॅरेजात आधी स्कॅनर. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरनं "ऑक्सिजन सेन्सर" म्हटलं, की सेन्सर बदलून मोकळे. हिचं म्हणणं वेगळं. तो सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसलेला असतो, जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते सांगतो, आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. "घरात भाजीची चव बघणारा म्हणाला, खारट झालीये," ती गिऱ्हाइकांना सांगते, "तर तुम्ही भाजी बघाल की चव बघणाऱ्याला घराबाहेर काढाल?"

पाववाल्याच्या व्हॅनचं उदाहरण स्टँडवर सगळ्यांना पाठ आहे. दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाले, दिवा जाईना. हिनं काय केलं? इंजिन गार होऊ दिलं, घरातला व्हॅक्युम क्लीनर उलटा जोडून सायलेन्सरमधून हवा सोडली, आणि नळीवर साबणाचं पाणी शिंपडत बसली. सेन्सरच्या जरा अलीकडे, एका सांध्यावर बुडबुडे आले. बाहेरची हवा तिथून आत शिरत होती आणि सेन्सर बिचारा इमानदारीत सांगत होता, बाबांनो, ऑक्सिजन फार आहे. एक नट आवळला. संपलं. पाववाल्यानं तिचा हातच हातात घेतला, ग्रीससकट.

पण असं शोधायला वेळ लागतो. आणि वेळेच्या बाबतीत मी म्हणजे गरम तव्यावरचा माणूस. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी माझा पाय सुटलेला असतो. गेल्या वर्षी माझ्या टॅक्सीचा दिवा लागला आणि हिनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. दोन दिवस! शेवटी एका रबरी नळीला नखाएवढी चीर सापडली. मी गाडी न्यायला गेलो तेव्हा चार गिऱ्हाइकं बसली होती. मी त्यांच्यासमोर तोंड सोडलं. म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम तू दोन दिवस चिवडत बसतेस. चौकातल्या गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या करून दिलं असतं."

तिनं हात पुसले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "मग इथून पुढे चौकातच जा."

तिथून आमचा अबोला सुरू झाला. म्हणजे तसा नाही. किराणा, लेकीची फी, गळकं बेसिन, सगळ्यावर आम्ही बोलायचो, हसायचो, भांडायचो. फक्त गाडी हा शब्द घरात बंद. आमची लेक तर जेवताना मुद्दाम म्हणायची, "बाबा, तुमचं ते चार चाकांचं काय म्हणतंय?" आणि दोघांची तोंडं बघत बसायची. वाह्यात आहे.

मी चुकलो होतो हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण चार लोकांसमोर बोललेलं एकट्यात कसं परत घ्यायचं? आणि चार लोकांसमोर घ्यायचं तर माझं नाक आडवं येत होतं.

महिनाभरात इंजिनच्या वरच्या झाकणातून तेल पाझरायला लागलं. हिच्याकडे जायची सोय नाही. चौकात गेलो तर हिला कळणार. म्हटलं, हात् तिच्या, एवढंसं तर काम! स्वतःच लावलं काहीतरी, तेल थांबलं. तीन आठवड्यांनी दिवा लागला. मिशीनं मोबाइल जोडून कोड वाचला: पुढचा ऑक्सिजन सेन्सर. आम्ही दोघांनी स्टँडवरच नवा बसवला. दिवा गेला. माझी छाती फुगली. दोनेक महिन्यांनी झाकण परत पाझरलं, मी परत लावलं, आणि दिवा परत लागला. नवा सेन्सर. मग पुन्हा तेच. असे वर्षात तीन सेन्सर झाले. तिसरा तर जेमतेम महिना टिकला. मी दुकानदाराला माल खराब देतो म्हणून वाटेल ते बोललो, मिशीला शिव्या घातल्या, गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या.

आणि नेमकी तेव्हाच टॅक्सीची वार्षिक तपासणी आली. जुन्या दाखल्याची मुदत शनिवारी संपत होती. इंजिनचा दिवा लागलेला असेल तर गाडी सरळ नापास. दाखला नसेल तर स्टँडवर उभं राहता येत नाही, आणि आमच्या हॉस्पिटलच्या स्टँडवर दाखल्याअभावी जागा एक दिवस जरी रिकामी राहिली तरी यादीतला पुढचा माणूस तिथे येतो. अठरा वर्षं मी तिथल्या कडुलिंबाच्या झाडाखाली तिसऱ्या नंबरला उभा राहतोय. डायलिसिसच्या आजी मंगळवारी-शुक्रवारी माझ्याच गाडीतून जातात, दुसऱ्याच्या दारालासुद्धा हात लावत नाहीत. ती जागा गेली तर मी काय करायचं, ह्या विचारानं माझी पाचावर धारण बसली.

तपासणी सोमवारी होती. रविवारी मी अक्कल चालवली. बॅटरीची वायर काढली, पंधरा मिनिटांनी जोडली. दिवा गायब! सोमवारी शीळ वाजवत केंद्रावर गेलो. चष्मेवाल्या साहेबांनी मशीन जोडलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बॅटरी कधी काढली होती?"

"बॅटरी? छे हो."

"गाडीची मेमरी पुसलेली आहे. दिवा नाहीये, पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्यांतली एकही पूर्ण झालेली नाही. अशी गाडी आम्ही पास करत नाही. शुक्रवारी दहाला या, शेवटची वेळ." आणि जाता जाता म्हणाले, "अहो, रोज चार जण हेच करून येतात."

परत येताना अर्ध्या वाटेत दिवा पुन्हा लागला. मी स्टीअरिंगवर असा हात आपटला की हॉर्न वाजला आणि समोरचा सायकलवाला शिव्या देऊन गेला.

मंगळवारी सकाळी मी नाक मुठीत धरून वहीवालीच्या दारात गेलो. घरी विचारता आलं असतं. पण तिला गाडीला हात लावायला सांगायचं तर रांगेत उभं राहून, एवढं मला कळत होतं. माझ्यापुढे दोघे होते. पाववालाही होता, नुसता गप्पा मारायला आलेला. मला बघून तो सरसावून बसला.

"पुढचे!" ती म्हणाली. मी स्टुलावर बसलो. स्टूल डुगडुगलं.

"बोला साहेब, काय तक्रार?"

लग्नाला सोळा वर्षं झाली, बाई मला साहेब म्हणत होती! घरी अरे-तुरे, आणि इथे साहेब.

"दिवा जात नाही," मी म्हणालो. "तीन सेन्सर झाले. शुक्रवारी तपासणी आहे. नापास झालो तर स्टँड जाईल."

तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिनं लिहिलं, सगळं, जसंच्या तसं. "दिवा लागायच्या आधी गाडीला काय काय केलं होतं?"

"काहीच नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. मी छताकडे बघितलं, पाववाल्यानं जमिनीकडे. स्टूल डुगडुगत होतं, पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो, मूग गिळून बसलो. शेवटी तीच उठली. "जुने सेन्सर आहेत का?"

दुकानातून आणलेले आधीचे दोन्ही डिकीत होते, दुकानदाराच्या तोंडावर मारायला जपून ठेवलेले. तिनं तिसरा गाडीतून सोडवला आणि तिन्ही एका फडक्यावर ओळीनं मांडले. मग आम्हाला सगळ्यांना जवळ बोलावलं. चांगल्या सेन्सरचं टोक मळकट तपकिरी असतं. पेट्रोल जास्त जळत असेल तर काजळी धरते. ह्या तिघांची टोकं पांढरी होती, फळ्यावर खडू घासावा तशी.

"तिन्ही सेन्सर चांगले होते," ती म्हणाली. "कुणीतरी मारलेत. ही पांढरी पूड सिलिकॉनची असते. गाडीत कुठेतरी सिलिकॉन लागलंय, त्याची वाफ इंजिनात जाते, जळते आणि इथे येऊन बसते. बोला साहेब. झाकणाला काय लावलं?"

"झाकणाला" म्हणाली! म्हणजे बॉनेट उघडताक्षणी तिनं बघितलं होतं. आता काय लपवायचं?

"ट्यूब," मी म्हणालो.

"कसली ट्यूब?"

"ती... बेसिनची."

पाववाला असा हसला की त्याला खोकला लागला. कारण बेसिनच्या ट्यूबची कथा त्यालाही माहीत होती. आमच्या घरी बेसिन आणि भिंतीमधल्या फटीतून पाणी झिरपायचं. ती फट बुजवायला हिनं सिलिकॉनची ट्यूब आणली, ती नाहीशी झाली. दुसरी आणली, तीही नाहीशी झाली. तिसरीही. "अरे, ट्यूब कुठे जातात?" ती विचारायची, आणि मी म्हणायचो, "उंदीर असतील." उंदरांसाठी तिनं पिंजरासुद्धा आणला होता, आणि मी त्यात रोज इमानेइतबारे ब्रेडचा तुकडा लावत होतो.

सगळं गॅरेज हसत होतं. ती हसली नाही. तिनं "बेसिनची ट्यूब, तीन वेळा" असं लिहून घेतलं, बाह्या वर केल्या आणि कामाला लागली.

दुपारपर्यंत तिनं झाकण उतरवून सगळं सिलिकॉन खरवडून काढलं. रबरासारखी लोंबती दोरी निघाली, वीतभर. झाकणाला तेल अडवणारं नवीन रबरी गॅस्केट बसवलं, ऑइल बदललं, चौथा सेन्सर लावला आणि इंजिन चालू करून स्कॅनरचा आलेख मला दाखवला. पुढच्या सेन्सरची रेघ वरखाली, वरखाली नाचत होती. मागे आणखी एक सेन्सर असतो, धूर साफ करणाऱ्या डब्याच्या पलीकडे. त्याची रेघ संथ होती.

"पुढचा नाचला पाहिजे, मागचा शांत बसला पाहिजे," ती म्हणाली. "मागचाही नाचायला लागला असता तर तो डबा गेला असता, आणि तो शुक्रवारपर्यंत मिळालाच नसता." माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धाच, कारण मेमरी पुन्हा पुसावी लागली होती आणि गाडीच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून व्हायच्या होत्या. त्या नुसतं उभं राहून होत नाहीत. गाडी ठरावीक पद्धतीनं चालवावी लागते: गार इंजिन चालू करायचं, थोडं तसंच राहू द्यायचं, गावात फिरवायची, मग मोठ्या रस्त्यावर एकाच वेगानं पंधरा-वीस मिनिटं न्यायची, मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्यायची.

"हे तुला जमणार नाही," ती म्हणाली. साहेब गेला होता, तू परत आला होता. "मी बसते शेजारी."

बुधवार आणि गुरुवार, सकाळी गॅरेज उघडायच्या आधी दोन तास, ती माझ्या टॅक्सीत बसली. वर्षानंतर. मांडीवर स्कॅनर. मी चालवत होतो आणि ती सांगत होती. "साठ. साठच ठेव. अरे, बासष्ट झाले." मागून ट्रक हॉर्न मारून जात होते, एकानं तर खिडकीतून हात बाहेर काढून काय ते सांगितलंसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. "लक्ष देऊ नकोस. आता पाय काढ. ब्रेक नको. नको म्हटलं ना! जाऊ दे तशीच." गाडी मंदावत मंदावत जायची, रस्त्याकडेची झाडं एकेक करून दिसायची. इतक्या वर्षांत त्या रस्त्याला इतकी झाडं आहेत हे मला माहीत नव्हतं. "तुझे बाबा तुला असंच शिकवायचे का?" मी विचारलं. म्हणाली, "बाबा तर मला नुसता टॉर्च धरायला लावायचे, दोन वर्षं. हात हलला की पहिल्यापासून." आणि मग ती खूप बोलली, त्यांच्याबद्दल, पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल, जो म्हणाला होता मेकॅनिकला बोलवा आणि ही म्हणाली होती, मेकॅनिक हात धुतोय, बसा. ह्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी कधी एवढा वेळ शांत बसलोच नव्हतो.

गुरुवारी सगळ्या चाचण्या झाल्या, एक सोडून. ऑक्सिजन सेन्सरची. शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा निघालो. नऊ वाजले, नाही. सव्वानऊ, नाही. "चल, एकदा पूल ओलांडून परत ये," ती म्हणाली.  डोळ्यासमोर ते झाड आणि त्याखाली दुसऱ्याची गाडी. मला पळवायची होती, आणि पळवली की सगळं फिसकटणार. साठ म्हणजे साठ. पुलाच्या उतारावर मी पाय काढला आणि काहीच केलं नाही, नुसता बसून राहिलो. गाडी आपली आपण जात होती.

"झालं," ती म्हणाली, आणि तिनं स्कॅनर माझ्या तोंडासमोर धरला. हिरवी खूण. नऊ वाजून चाळीस मिनिटं.

चष्मेवाल्या साहेबांनी मशीन जोडलं, पडद्याकडे बघितलं, शिक्का मारला. "ह्या वेळी कुणाला दाखवलीत?"

"माझ्या बायकोला," मी म्हणालो.

गॅरेजवर आलो. तिच्याकडचा नियम आहे, गाडी नेताना गिऱ्हाइकानं वहीत सही करायची. ती लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरली होती, नुसते बूट दिसत होते. मी वही उघडली. तक्रारीत माझे शब्द होते. उपायात गॅस्केट, ऑइल, सेन्सर. आणि कारणाच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात:

"झाकणाला बेसिनचं सिलिकॉन. त्याच्या हाताला ट्यूबचा तो व्हिनेगरसारखा आंबट वास पहिल्याच रात्री आला होता. काय लावलंय ते मला तेव्हाच कळलं. रागात होते, विचारलं नाही. विचारलं असतं तर तिन्ही सेन्सर वाचले असते, आणि त्याचा जीवही टांगणीला लागला नसता."

मी ते दोनदा वाचलं.  वर्षभर मला वाटत होतं की मी लपवतोय, आणि उंदरांचा पिंजरासुद्धा तिनं सगळं माहीत असूनच आणला होता. सगळी चूक माझी, आणि ही बाई स्वतःचा वाटा मोजून वहीत लिहून ठेवत होती, जिथे कुणीही वाचू शकेल.

मागे पाच जण बसले होते. गेल्या वर्षीपेक्षा एक जास्तच. मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ते अर्ध्या तासाचं काम नव्हतं. मी चुकलो होतो."

"ऐकू नाही आलं," गाडीखालून आवाज आला.

"मी चुकलो होतो!"

"बरं. सही कर आणि कामाला जा, आजी थांबल्या असतील."

आजी खरंच थांबल्या होत्या, झाडाखाली, पिशवी मांडीवर घेऊन. मी तिसऱ्या नंबरला गाडी लावली तेव्हा मिशी म्हणाला, "काय रे, सेन्सरच होता ना?" मी आजींसाठी दार उघडलं.

संध्याकाळी घरी जाताना मी ट्यूब घेतली. चौथी. बेसिनची फट पुसून कोरडी केली, ट्यूबचं तोंड कापलं आणि हळूहळू, एका दमात, साठच्या वेगानं म्हणा हवं तर, ओढत नेलं. तो आंबट वास घरभर पसरला.

"अरे!" आतून तिचा आवाज आला. "काय लावतोयस? कुठे लावतोयस?"

"बेसिनला!" मी ओरडलो.

तरी आली, बघायला.